तुम्ही विचारलंत म्हणून : अंगणातले पेव्हर आणि विहीर

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या आमच्या घरी येणारी मंडळी, विशेषतः फ्लॅटमध्ये राहणारी, विहिरीत डोकावून झाली की एक प्रश्न हमखास विचारतात : घर पर्यावरणस्नेही करायचे तर आधी काय आणावे? सौर पॅनल, खताचा तयार डबा, बांबूचे टूथब्रश अशी यादी त्यांच्या मनात असतेच. माझ्या उत्तराने त्यांची थोडी निराशा होते, कारण आमच्या घरातली सर्वांत मोठी सुधारणा म्हणजे पैसे मोजून बसवलेली एक गोष्ट आम्ही पुन्हा पैसे मोजून उखडून काढली.

ती गोष्ट म्हणजे अंगणातले पेव्हर, फरशीसारखे बसवायचे सिमेंटचे ठोकळे. पावसाळा सरला की दरवर्षी अंगण चोपून सारवण्याचे काम सासूबाईंना झेपेनासे झाले आणि मला त्याचा उत्साह कधीच नव्हता, तेव्हा आम्ही तुळशीवृंदावनापासून फाटकापर्यंत सिमेंट ओतून त्यावर पेव्हर बसवले. पहिल्याच जूनमध्ये पागोळ्यांचे पाणी क्षणभरही न थांबता रस्त्याकडेच्या गटारात जाऊ लागले. पुढच्या एप्रिलमध्ये दुपारी तापलेल्या पेव्हरची धग रात्रीच्या जेवणापर्यंत ओसरीवर जाणवत राहिली, आणि मे महिन्यात विहिरीचा तळ दिसला, जो लग्न होऊन या घरात आल्यापासून मी पाहिला नव्हता. त्या वर्षी पाऊसही उशिरा आला होता, म्हणून सगळा दोष पेव्हरच्या माथी मारत नाही. पण आमच्याकडचा जांभा दगड सच्छिद्र असल्यामुळे त्यात पाणी जितक्या लवकर मुरते तितक्याच लवकर ते उतारावर वाहूनही जाते, आणि अशा जमिनीवरचे मुरण्याचे तोंडच बंद केले तर उन्हाळ्यात विहिरीने कशाच्या जोरावर तग धरायचा?

निम्मे पेव्हर काढले, फाटकापासून ओसरीपर्यंतची वाट तेवढी ठेवली, आणि छपराला पन्हाळी लावली. तेव्हा मी वहीत मांडलेला हिशोब असा होता : एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी मिळते. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस धरला, तर १०० चौरस मीटरच्या कौलारू छपरावर तीन लाख लिटर पाणी पडते, आणि उडून, सांडून वाया जाणारे पाचवा हिस्सा वजा केले तरी दोन लाख चाळीस हजार लिटर उरते. हे सगळे साठवण्याएवढी टाकी बांधणे आमच्या आवाक्याबाहेरचे होते. म्हणून पन्हाळीचे पाणी खडी, जाड वाळू आणि कोळसा यांच्या थरांतून गाळून विहिरीत सोडले आहे. पहिल्या काही पावसांचे पाणी मात्र बाहेर जाऊ द्यावे लागते, कारण कौलांवरचे शेवाळ, पालापाचोळा आणि पाखरांची विष्ठा त्यातूनच येते.

दुसरे काम ओल्या कचऱ्याचे. साळगावच्या कचरा प्रकल्पात २०१६ पासून ओल्या कचऱ्याचा वायू आणि त्या वायूची वीज होते, मग घरी कशाला खटाटोप, असे एका पाहुण्यांनी विचारले होते. प्रकल्प हवाच, परंतु स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात बहुतांश पाणीच असते, आणि ते पाणी डिझेल जाळून कुठेतरी नेण्यापेक्षा परसात जिरलेले बरे. खत करायचा आमचा पहिला पिंप अर्थात फसला : त्याला भोके नव्हती, आत फक्त भाजीची देठे आणि उरलेला भात, आणि आठवड्याभरात असा वास सुटला की शेजारणीने खिडकी लावून घेतली. आता एक वाटा ओल्या कचऱ्यावर दोन-तीन वाटे फणसाची आणि आंब्याची सुकी पाने पडतात आणि वास येत नाही. मासळीची खवले, डोकी आणि काटे या पिंपात जात नाहीत. ते माडाच्या आळ्यात दीड हात खोल पुरावे लागतात, नाहीतर रात्री कुत्री सगळे उकरून ठेवतात. तिसऱ्यांची, म्हणजे खायच्या शिंपल्यांची, कवचे लवकर कुजत नाहीत, म्हणून पागोळ्या जिथे पडतात तिथे ती पसरली आहेत. तेथील माती आता भिंतीवर उडत नाही.

विजेबद्दल थोडक्यात सांगते. गोव्यात येणारी वीज बहुतेक राज्याबाहेरून आणि मुख्यतः कोळशावर चालणाऱ्या केंद्रांतून येते, म्हणून आमच्या दमट हवेत जे वर्षभर फिरतात ते पंखे मी आधी बदलले. जुना पंखा सुमारे ७५ वॅट खात असे, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास घेतो. चार पंखे दहा तास फिरले तर दिवसाला जवळजवळ पावणेदोन युनिट वाचतात. सौर पॅनलचा विचार आहे, पण त्यासाठी दक्षिणेकडचा फणस तोडावा लागेल आणि तो तोडायला मी तयार नाही.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना यातले काय जमेल, असे मडगावच्या माझ्या भाचीने विचारले. पाऊस जोरात असताना छत्री घेऊन खाली उतर आणि गच्चीवरचे पाणी कोणत्या पाइपातून कुठे जाते ते पाहून ये, एवढेच मी तिला सांगितले. ती भिजून वर आली आणि तिने फोनवर सांगितले की सहाही पाइप थेट गटारात सोडलेले आहेत, आणि त्याच गटाराला टेकून सोसायटीने मागवलेला पाण्याचा टँकर उभा आहे.