सबरा टॅनरची आई

मुलींच्या वसतिगृहात रेक्टर म्हणून माझी बरीच वर्षं गेली. त्यामुळे कॉलेजातल्या ‘वाया गेलेल्या’ मुलीवरचा सिनेमा लावला, की तिला भेटायला कोण येतं याकडे माझं आधी लक्ष जातं. अमेरिकन दिग्दर्शक रॉजर कॉर्मनचा ‘सोरोरिटी गर्ल’ (1957) मी तसाच बघितला.

सिनेमा कृष्णधवल, जेमतेम तासाभराचा. अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स ही कंपनी तेव्हा तरुण पोरांसाठी असे स्वस्तातले सिनेमे काढायची आणि एका तिकिटात दोन दाखवायची. याच्या जोडीला ‘मोटरसायकल गँग’ होता. पैशांची ओढाताण लपत नाही. त्याच त्या खोल्या, एक बार, शेवटी समुद्रकिनारा, संपलं.

सबरा टॅनर श्रीमंत घरची. कॉलेजातल्या मुलींचा एक गट एकाच घरात राहतो, त्यातली ही एक. नव्या आलेल्या मुलीला ती राबवते, लाकडी फळीने मारते. त्याच घरातल्या रीटाचे वडील तुरुंगात आहेत हे कळल्यावर तिला धमकावते. टीनाला दिवस गेलेत, तर तिला हाताशी धरून बार चालवणाऱ्या मॉर्टकडून पैसे उकळायचा घाट घालते. बाकी कथानक सरळसोट आहे, डिक मिलरचा मॉर्ट तेवढा ओळखीचा माणूस वाटतो.

पण सबरा घरी जाते तो प्रसंग! मुलगी घरी आलीय आणि आई तिच्याशी परक्या पाहुण्याशी बोलावं तशी बोलते. पैसे आहेत, माया नाही. सबरा आधी गोड बोलून बघते, मग हट्ट, मग संताप. सबराचं काम करणारी सुझन कॅबट हे सगळं डोळ्यांनी करते. आईच्या तोंडून एखादा मऊ शब्द निघेल म्हणून ती थांबते, आणि तो येत नाही हे कळल्यावर तिची हनुवटी वर जाते. ती हनुवटी मी ओळखते. रविवारी भेटीच्या वेळी बाकीच्यांचे आईवडील डबे घेऊन यायचे. जिच्या घरून नुसते पैसे यायचे ती मुलगी त्या दिवशी हमखास कुणाशी तरी भांडण उकरून काढायची. शिक्षा मलाच करावी लागे, आणि ती करताना जीव तुटायचा.

सुझन कॅबटचं स्वतःचं बालपण एका घरातून दुसऱ्या घरात, परक्या कुटुंबांत गेलं होतं. अभिनय त्यातूनच आला असं म्हणणं तिच्या मेहनतीवर अन्याय होईल. युनिव्हर्सल स्टुडिओने तिला नटवलेल्या राजकन्या दिल्या. खरं काम मिळालं ते कॉर्मनच्या या घाईच्या सिनेमांत. 1959च्या ‘द वास्प वुमन’नंतर तिने मोठा पडदा सोडला.

शेवट मला पटत नाही. सगळ्या मुली मिळून सबराला घेरतात आणि ती समुद्रात चालत जाते. दिग्दर्शकाने अख्खा प्रसंग खर्चून आईचा वाटा दाखवला, आणि हिशोब मात्र एकट्या मुलीकडून चुकता करून घेतला. त्या घरात जबाबदार असं एकही मोठं माणूस सबराशी दहा मिनिटं बसून बोलत नाही. मी असते तर दार लावून घेतलं असतं, चहा मागवला असता आणि आधी घरचं विचारलं असतं, फळीचं नंतर.