भुवई न हलवता

मी नाटकांची प्रकाशयोजना करते. त्यामुळे पडद्यावर काहीही दिसलं की आधी डोकं चालतं ते उजेड कुठून मारलाय याच्या मागे. चेक दिग्दर्शक यिर्झी त्रन्काच्या बाहुलीपटांत (बाहुली जराजराशी हलवत एकेक चित्र टिपून केलेल्या फिल्म्स) तर कथा बाजूलाच राहते.

त्याच्या बाहुल्यांचा चेहरा एकदा रंगवला की रंगवला. ओठ हलत नाहीत, भुवई चढत नाही. तरी बाहुली लाजली, खट्टू झाली, घाबरली, सगळं कळतं. मान जराशी झुकते, कपाळावरचा उजेड सरकतो, डोळ्यांखाली सावली येते. बस्स. त्रन्का प्ल्झेन या चेक शहरातला, योसेफ स्कूपा या नामवंत बाहुलीकाराच्या हाताखाली तयार झालेला. लाकडी चेहऱ्याकडून किती काम काढून घेता येतं, हे तो पोरवयातच शिकला असणार.

त्याची 'रुका' (म्हणजे हात, १९६५) बघाच. एक कुंभार, त्याचं एकुलतं एक रोप आणि त्या रोपासाठी घडवलेल्या कुंड्या. खोलीत हातमोजा घातलेला अवाढव्य हात घुसतो, खराखुरा, माणसाचा. म्हणतो, माझी मूर्ती घडव. कुंभार ऐकत नाही. मग लाडीगोडी, दमदाटी, शेवटी पिंजरा. पिंजऱ्यात त्या बाहुल्याला दोऱ्या बांधतात आणि इतका वेळ आपल्या पायांनी चालणारा तो एकदम कठपुतळी होऊन जातो. पुढे तो निसटतो, पण डोक्यात कुंडी पडून मरतो. हात त्याला इतमामाने निरोप देतो, शवपेटी म्हणून त्याचंच कपाट! हात म्हणजे सत्ता, हे उघडच. आणि एवढं सगळं कम्युनिस्ट चेकोस्लोव्हाकियात, सरकारी स्टुडिओत, सरकारच्या पैशांनी. १९६९च्या डिसेंबरात त्रन्का गेला आणि त्यानंतर फिल्मवर बंदी आली.

त्रन्काखेरीज चेक बाहुलीपटांचं दुसरं घराणं झ्लीन शहरातलं. तिथला स्टुडिओ बूटवाल्या बाटांनी जाहिरातपटांसाठी उभारलेला. हर्मीना तिर्लोवा आणि कारेल झेमान हे दिग्दर्शक तिथलेच. झेमानने १९५८च्या ज्यूल व्हर्नच्या कादंबरीवरच्या फिल्मसाठी सेटवर आणि कपड्यांवरसुद्धा रेघा ओढून घेतल्या, जुन्या पुस्तकांतल्या कोरीव चित्रांसारख्या. सावलीच रंगवून ठेवली तर आमच्यासारख्यांनी करायचं काय? पण दिसतं अफाट.

यान श्वान्कमायर या आणखी एका चेक दिग्दर्शकाबद्दल मात्र माझं मत जरा वाकडं आहे. 'संवादाच्या शक्यता'मध्ये (१९८२) भाज्यांची, भांड्यांची डोकी एकमेकांना गिळून ओकतात. माणूस थोर, मान्य. जेवणाआधी लावू नका, एवढंच सांगेन.