रोज रात्री नऊला मी ‘जेवलात का’ का विचारते

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. तुम्ही म्हणजे कोणी एक नाही, गेल्या महिन्यातच तिघांनी विचारलं आणि त्याआधी किती जणांनी ते मी मोजलेलं नाही. प्रश्न साधारण असा असतो की ताई, हा टाइप वन डायबेटिस असलेल्या, म्हणजे रोज इन्सुलिन टोचावं लागणाऱ्या मुलांच्या आईबाबांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे ना, मग यात दिवसभर पाऊस आला का, आज भाजी काय, पोह्यांचे फोटो हे कशाला, आणि दुसऱ्यांचं सोडा, तुम्ही स्वतः ॲडमिन असून रोज रात्री नऊ वाजता ‘जेवलात का सगळे’ टाकता, का? कोणी गोड बोलून विचारतं, कोणी ग्रुप सोडता सोडता विचारून जातं. घरात नवराही विचारतो. त्याला वर भीती आहे की कोणी काहीबाही लिहिलं तर पोलीस ॲडमिनला धरतील. त्याला मी २०२१ चा मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाचा निकाल वाचून दाखवलाय, गोंदियाच्या केसमधला, की मेंबरने काही आक्षेपार्ह टाकलं म्हणून निव्वळ ॲडमिन आहे एवढ्यावर त्याला जबाबदार धरता येत नाही. तरी तो विचारतोच.

मला हे मेसेज फार आवडतात म्हणून चालू ठेवलेत असं नाहीये. सकाळचे गुलाबाचे फोटो मला अजिबात सहन होत नाहीत, आधीच रात्री तीनला उठून पोराची शुगर बघितलेली असते, डोळे चुरचुरत असतात आणि फोन उघडला की चाळीस गुलाब. आणि हे सगळं मी एकदा बंद करून पाहिलंय. जुन्या लोकांना माहीत आहे. पण का बंद केलं आणि का उघडलं हे मी कधी नीट सांगितलं नाही.

२०१९ च्या मे महिन्यात एका आईने रात्री पावणेअकराला लिहिलं होतं, मुलगा उलट्या करतोय, शुगर ५४ पर्यंत उतरलीय, साखरपाणी पोटात राहत नाहीये, काय करू. त्या दिवशी ग्रुपमधल्या एका मुलाचा वाढदिवस होता. तिच्या मेसेजच्या वर केक, खाली केक, फुगे, ‘खूप खूप मोठा हो बाळा’. पंचवीस मिनिटं तिचा प्रश्न कोणालाच दिसला नाही. मी पण जागी होते, मी पण केक टाकला होता, तिच्या प्रश्नाच्या खाली. ती स्वतःच पोराला घेऊन हॉस्पिटलला गेली, तो बरा झाला, पण सकाळी तिने लिहिलं की इथे विचारण्यात अर्थ नाही, आणि गेली. मी परत फोन केला तर उचलला नाही.

मी ठरवलं की बास. आधी नियम लावला, फक्त कामाचं बोला. लोक दोन दिवस पाळायचे, तिसऱ्या दिवशी कोणीतरी आंब्याची पेटी दाखवायचं. मग जूनमध्ये ती सेटिंग चालू केली, फक्त ॲडमिन लिहू शकेल अशी, २०१८ मध्ये आलेली. प्रश्न असेल तर मला पर्सनलवर पाठवा, मी ग्रुपवर टाकते, उत्तरं आली की तीही टाकते. तेव्हा ग्रुपला २५६ ची मर्यादा होती आणि आमचा काठोकाठ भरला होता. सगळे म्हणाले ताई, आता कसं स्वच्छ वाटतंय. मलाही वाटलं. सहा-सात महिने मला अभिमान होता त्या ग्रुपचा.

आता त्या दादांचं सांगते. परभणीकडच्या एका गावातले, थोडी शेती, मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. ते ग्रुपवर कधीच काही विचारायचे नाहीत. फक्त रात्री नऊच्या आसपास एक मेसेज, ‘जेवलात का समदे’. बस. दहाबारा जण हो म्हणायचे, कोणी भाकरी म्हणायचं, कोणी खिचडी, आणि तेवढ्यावर संपायचं. ‘फक्त कामाचं’ हा नियम लावला त्या आठवड्यात त्यांनी सवयीने परत तेच लिहिलं आणि मी सगळ्यांसमोर लिहिलं, दादा, हा ग्रुप गप्पांसाठी नाही, कृपया कामाचं असेल तरच लिहा. त्यांनी लिहिलं, ‘बरं ताई’, आणि हात जोडलेले. त्यानंतर त्यांचा एकही मेसेज नाही. माझ्या लक्षातही आलं नाही, खरं तेच सांगते, मला वाटलं एक आवाज कमी झाला, बरं झालं.

जानेवारी २०२० मध्ये, संक्रांत होऊन गेली होती, दुपारी त्यांचा फोन आला. मी कुकर लावत होते. म्हणाले, ताई, लेकरू आता बरं हाय, पण तुमाला सांगावं म्हनलं, दुसऱ्या कुनासंगं असं व्हऊ नये.

झालं असं की तालुक्याच्या मेडिकलमध्ये नेहमीची बाटली संपली होती. त्यांच्या एका नातेवाइकाने शहरातून इन्सुलिन आणून दिलं, नाव तेच, पण ते इन्सुलिन टोचायच्या पेनमध्ये घालायचं कार्ट्रिज होतं, छोटी नळी. पेन यांच्याकडे नव्हता. त्यांनी नेहमीच्या लाल टोपीच्या सिरिंजने त्यातून ओढून घेतलं. तुम्हाला हे माहीत आहे, तरी लिहिते, त्यांनाही कोणीतरी सांगितलेलं असेल असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. आपल्याकडची ती बाटली एका मिलीला ४० युनिटची, लाल टोपीची सिरिंज त्याच मापाची, आणि कार्ट्रिजमधलं एका मिलीला १०० युनिट. त्या सिरिंजवर आठची रेघ म्हणजे ०.२ मिली. बाटलीतलं असेल तर आठ युनिट, कार्ट्रिजमधलं असेल तर वीस. नऊ वर्षांच्या पोरीला रात्रीच्या जेवणाआधी आठऐवजी वीस युनिट गेलं, आणि इन्सुलिन जास्त झालं की शुगर एकदम खाली जाते. ती भाकरी खाऊन झोपली. पहाटे आईला कसला तरी आवाज आला म्हणून उठली तर पोर घामाने चिंब, दातखीळ बसलेली, हातपाय झटके देतायत. शेजाऱ्याची जीप, तीसेक किलोमीटर रस्ता, वाटेत तोंडात साखर घालायला गेले तर गिळेना, ठसका लागला, मग घाबरून थांबले. थांबले ते नशीब. हॉस्पिटलमध्ये शिरेतून ग्लुकोज दिल्यावर तिने डोळे उघडले. दोन दिवस ठेवून घेतलं.

मी विचारलं, दादा, तुम्ही कोणाला विचारलं का नाही हो? माझा आवाज चढला होता, आठवतंय मला. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, बाटली येगळी दिसली ना ताई, म्हनून फोटो काढला व्हता. ग्रुपवर टाकावं म्हनलं तर ग्रुप बंद. तुमाला पर्सनल टाकावं म्हनलं, पण हे कामाचं हाय का नाही तेच कळंना. निस्ती बाटली येगळी हाय म्हनून तुमाला कशाला तरास.

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मला बरं पडलं असतं. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या माहीत नाही, तळ लागला भाताचा. संध्याकाळी त्यांनी तो फोटो पाठवला, मी मागितला म्हणून. तळहातावर कार्ट्रिज, बाजूला लाल टोपीची सिरिंज, फोटोवर टोचलं त्याच दिवशीची वेळ, सायंकाळचे ७:५२. ग्रुपमधल्या कोणत्याही आईने एका सेकंदात ओरडून सांगितलं असतं, थांबा, टोचू नका. तो फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे.

हे सांगितलं की लोक म्हणतात ताई, यात तुमची काय चूक. आणि मी पण म्हणते, माझी काय चूक. मेडिकलवाल्याने सांगायला हवं होतं, नातेवाइकाने विचारायला हवं होतं, डॉक्टरांनी पहिल्या दिवशीच दोन्ही सिरिंज समोर ठेवून दाखवायला हव्या होत्या. मी एक बाई, माझ्या पोराचं बघून उरलेल्या वेळात ग्रुप चालवणारी, पैसे घेत नाही, पर्सनलवर पाठवा असं स्पष्ट लिहिलं होतं मी. हे सगळं खरं आहे. पण रोज ‘जेवलात का’ विचारणाऱ्या माणसाला तो फोटो टाकायला काही वाटलं नसतं, जेवणाच्या मेसेजच्या मागोमाग सहज टाकला असता, हेही तितकंच खरं आहे, आणि ते सहज मी काढून घेतलं होतं.

तेव्हापासून मी लक्ष ठेवून बघते, आमच्याकडे खरे प्रश्न कसे येतात. ‘प्रश्न आहे’ म्हणून फार थोडे येतात. शेवग्याच्या शेंगांवर बोलणं चाललेलं असतं आणि मधेच कोणी म्हणतं, बरं ते राहू द्या, पोटावर एकाच जागी टोचलं की गाठ येते का हो, महिनाभर आहे. महिनाभर! किंवा रात्री तीनला नुसतं ‘कोण जागं आहे’, आणि न्यू जर्सीची एक आई, तिच्याकडे दुपारचे साडेचार, ती म्हणते मी आहे, बोला, मग दहा मिनिटं थंडीवर बोलणं आणि अकराव्या मिनिटाला ती विचारणारी सांगते, शाळेत पोराला डबा वेळेआधी खाऊ देत नाहीत, म्हणतात नाटक करतो. सीबीएसईने २०१७ मध्ये अशा मुलांना बोर्डाच्या पेपरला खाऊ सोबत न्यायची परवानगी दिली ते त्या बिचारीला अशा गप्पांतूनच कळलं, त्याचा कागद दाखवून तिने शाळेत भांडण केलं, स्टेट बोर्डाची शाळा असूनही.

दोन ग्रुप करा असंही सुचवता तुम्ही, एक गप्पांचा, एक प्रश्नांचा. केले होते. प्रश्नांच्या ग्रुपवर आठवडाभर सामसूम, आणि प्रश्न गप्पांच्या ग्रुपवर.

मग त्या मे महिन्यातल्या आईचं काय? हे मला कोणी विचारत नाही, माझी मीच विचारते. २०१९ मधली मी मूर्ख नव्हते, तेव्हा मी जे पाहिलं होतं ते खोटं नव्हतं. तो धोका आजही तसाच आहे. आता आम्ही ‘तातडीचं’ हा शब्द ठरवलाय, सोबत तीन जणांचे नंबर दिलेत, थेट फोन करा म्हणून, तरी मागच्याच आठवड्यात एका वाढदिवसात एक प्रश्न अकरा मिनिटं बुडाला. अकरा मिनिटं लोमध्ये, म्हणजे शुगर खाली गेलेली असताना, फार असतात. त्या रात्री मला परत ती सेटिंग चालू करावीशी वाटली, बोट तिथपर्यंत गेलं होतं. दिवाळीला चकल्या-करंज्यांचे फोटो येतात तेव्हा नवीन निदान झालेल्या एका आईने मला रडत फोन केला होता की हे बघवत नाही. तिला काय सांगू? मी काही सांगू शकले नाही. ‘इन्सुलिन बंद करा, हा काढा घ्या’ असलं काही आलं तर मी त्या क्षणी उडवते, तिथे गप्पाबिप्पा काही नाही, त्या माणसालाही काढते. बाकीचं कुठे थांबवायचं ते मला अजून कळलेलं नाही.

ग्रुप मी त्याच संध्याकाळी उघडला, भात करपला त्या दिवशी. दादांना फोन करून म्हटलं, दादा, लिहा आता, माझं चुकलं. ते म्हणाले, न्हाई न्हाई ताई, तुमचं बरोबर व्हतं. आणि लिहिलं नाही. एक आठवडा वाट बघितली, मग नऊ वाजता मीच लिहिलं, जेवलात का सगळे. पहिल्या दिवशी लोकांना कळेना काय उत्तर द्यावं. मग एकाने लिहिलं, हो ताई, पिठलं.

पाच वर्षं होऊन गेली. मुलगी आता नववीत आहे, स्वतःचं इन्सुलिन स्वतः घेते. मी फोन केला की दादा बोलतात, सोयाबीनचं सांगतात. ग्रुपवर मात्र नाही. पण ग्रुपमध्ये मेसेज कोणी किती वाजता वाचला ते दिसतं, आणि मी रोज झोपायच्या आधी तेवढं बघते. काल त्यांनी नऊ वाजून चार मिनिटांनी वाचला.