तुम्ही विचारलंत म्हणून: चिनी इंटरनेट फंड घेऊ का?

माझ्याकडे के-वेब आहे हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "आम्हीही घेऊ का?" के-वेब म्हणजे क्रेनशेअर्स या फंड कंपनीचा, 2013 पासून न्यूयॉर्कच्या बाजारात असलेला ईटीएफ, म्हणजे शेअरसारखा खरेदी-विक्री होणारा फंड. टेन्सेंट, अलिबाबा, पीडीडी, मेइतुआन अशा चिनी इंटरनेट कंपन्या त्यात एका झोळीत मिळतात.

फेब्रुवारी 2021 मध्ये त्याचा भाव 100 डॉलरच्या वर होता. जुलैअखेर तो अर्ध्यावर आला आणि 'सेल लागलाय' म्हणून मी घेतला. ऑक्टोबर 2022 मध्ये तो 20 डॉलरच्याही खाली गेला. म्हणजे शिखरावर घेणाऱ्याचे शंभरातले ऐंशीहून जास्त गेले आणि थांबून, विचार करून घेणाऱ्या माझे साठहून जास्त. एवढाच माझ्या शहाणपणाचा भाव! त्यात 20 चे पुन्हा 100 व्हायला भाव पाचपट व्हावा लागतो. त्यामुळे 'गेल्या वर्षी किती टक्के दिले' हा आकडा मी सगळ्यात शेवटी बघतो. सुरुवातीची तारीख बदलली की तोच फंड हिरो ठरतो, तोच भिकारी. (रुपयाने थोडं सावरलं. त्या काळात डॉलर 73 वरून 82 पर्यंत गेला.)

जोखमीचं म्हणाल, तर तो 2021 चा जुलै आठवा. 30 जूनला दीदी या चिनी टॅक्सी-सेवा कंपनीचा शेअर न्यूयॉर्कमध्ये नोंदला गेला आणि 4 जुलैला चीनच्या सायबर खात्याने तिचं अ‍ॅप स्टोअरमधून काढायला लावलं. महिना संपायच्या आत खासगी शिकवण्यांनी शालेय विषयांत नफा कमवायचा नाही, असा फतवा निघाला. त्याची कुणकुण लागली त्या एका दिवसात टॅल एज्युकेशन या शिकवण्या घेणाऱ्या कंपनीचा शेअर दोन तृतीयांशाहून जास्त कोसळला. जूनच्या फॅक्टशीटवरचं (फंडाच्या माहितीपत्रकावरचं) स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे परतावा किती वरखाली होतो त्याचं माप, घोकून यातलं काहीही कळलं नसतं.

आणखी एक गोष्ट विचारणाऱ्यांपैकी जवळजवळ कुणालाच ठाऊक नसते. चीनमध्ये इंटरनेट व्यवसायाच्या बऱ्याच परवान्यांवर परदेशी मालकी चालत नाही. म्हणून अलिबाबासारख्या कंपनीचा आपल्याला मिळणारा शेअर हा केमन बेटांवरच्या कंपनीचा असतो आणि परवाने असलेल्या चिनी कंपन्यांशी तिचं नातं करारांचं. सातबारा दुसऱ्याच्या नावावर, आपल्या हातात नोटरी केलेला कागद! इतकी वर्षं तो कागद चालला, हेही खरं. पण त्या कागदाला काय भाव द्यायचा, हे पी/ई रेशो (शेअरचा भाव नफ्याच्या किती पट आहे तो आकडा) सांगत नाही. शेअर 'स्वस्त' दिसण्यामागे हेही एक कारण आहे.

ऑडिटचे कागद तपासू देत नाहीत म्हणून चिनी कंपन्यांची अमेरिकी बाजारातून हकालपट्टी होईल, ही भीतीही होती. 2022 च्या डिसेंबरात, तिथल्या नियामकांना ते कागद तपासायला मिळाल्यावर, ती बरीच ओसरली. फंडाच्या वार्षिक खर्चाचं प्रमाण साधारण 0.7 टक्के आहे, त्याची मला चिंता नाही. या फंडात झोप उडवायला बाकी कारणं पुरेशी आहेत.

माझे युनिट अजून आहेत, एकूण गुंतवणुकीच्या तीन टक्क्यांहून कमी. सप्टेंबर 2024 च्या शेवटी चीनने सवलती जाहीर केल्या, फंड उसळला आणि आठवड्याभरात मला चार फोन आले, "घेऊ का?" ऑक्टोबर 2022 मध्ये एकही आला नव्हता.