प्रेस शॉपमधला आवाज कमी करून घेताना

सेफ्टी कमिटीवर कामगारांच्या बाजूने माझं नाव गेलं तेव्हा आमच्या प्रेस शॉपमधल्या, म्हणजे मशीनने पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या विभागातल्या, आवाजाचा विषय मिटल्यात जमा होता. दारात इअरप्लगचा डबा, भिंतीवर पोस्टर, रजिस्टरमध्ये सगळ्यांच्या सह्या. तरी शिफ्ट सुटल्यावर कितीतरी जणांच्या कानात शिट्टी वाजत राहायची.

तोंडी सांगितलं की उत्तर ठरलेलं, "प्रेस म्हटली की आवाज आलाच." मग लेखी दिलं. कोणतं मशीन, कोणती पाळी आणि हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं का, एवढंच. ही ओरडण्याची खूण मीटर नसतानाही कामाला येते. कागदावर आलेल्या गोष्टीला उत्तर द्यावं लागतं; मोजणी मंजूर झाली.

मोजणीच्या सकाळी निरोप आला, दोन मशीन बंद ठेवा. मी सेफ्टी ऑफिसरना म्हटलं, "साहेब, रोजच्यासारखं चालू द्या, नाहीतर मोजायचं कशाला?" त्यांनी ऐकलं, हे त्यांचं मोठेपण. काही जणांच्या खांद्यावर डोसिमीटर, म्हणजे पाळीभराचा आवाज मोजणारी छोटी यंत्रं, लागली. माझ्या जागेवर सरासरी ९१ डेसिबल निघाले. नायॉश या अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ९१ ला दोनच तास! काही देशांचे कायदे ९० पर्यंत सूट देतात, पण कानाला कायदा कळत नाही.

खरी गंमत पुढेच. मीटर घेऊन मशीनभोवती फिरलो तर सर्वांत जास्त आकडा प्रेसचा नव्हताच. डायमधून, म्हणजे साच्यातून, जॉब (तयार झालेला भाग) उडवायला हवेचा उघडा पाइप लावलेला होता, तोंड ठेचून चपटं केलेला. किंचाळणारा तो होता. त्याच्या खालोखाल पत्र्याच्या शूटवरून, म्हणजे घसरगुंडीवरून, घरंगळणारे जॉब. मेंटेनन्सने कमी आवाजाचे नोझल बसवले, प्रेशर उतरवलं, शूटला आतून रबर लावलं. हवाही कमी लागू लागली, त्यामुळे वरचे लोकही खूष.

कानांची तपासणी मात्र ऐन पाळीच्या मध्यात ठेवली होती. पहिल्या ऑडिओमेट्रीआधी, म्हणजे या तपासणीआधी, किमान १४ तास गोंगाटापासून लांब राहावं लागतं, नाहीतर तात्पुरता बधिरपणाच मोजला जातो. ती सुट्टीनंतरच्या सकाळी, कामाआधी करून घेतली. दोघांच्या आलेखात ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा दिसला, म्हणजे उंच पट्टीचे आवाज कमी ऐकू येत होते. बोलणं नीट ऐकू येत असल्याने त्यांना पत्ताच नव्हता, आणि आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. त्यांना कमी आवाजाच्या कामावर हलवलं.

नंतरच्या मोजणीत माझ्या जागेवर ८६ आले. त्यामुळे प्लग अजून आहेतच. फक्त आता ते बारीक वळून, दुसऱ्या हाताने कान वर ओढून घालायला शिकवतात. रात्रपाळीत कोणीतरी नोझल काढून पुन्हा उघडा पाइप जोडतं, म्हणून मशीनच्या रोजच्या चेकलिस्टमध्ये नोझलची एक ओळ वाढवून घेतली आहे.