ठकीचा पाय गेला आणि आमची फरशी बदलली

आमच्या ठकीचा पुढचा डावा पाय गेल्या उन्हाळ्यात खांद्यापासून काढला. पॉमेरियन मिक्स कुत्री, जेमतेम सहा किलोची. ठाण्यात वसंत विहारमध्ये वळणावर एका बाइकने उडवलं, एक्स-रेमध्ये हाड शाबूत दिसलं म्हणून आम्ही सुटकेचा श्वास टाकला, पण पाय नुसता लोंबत राहिला. काखेतून पायात जाणाऱ्या नसा मणक्यापाशीच तुटल्या होत्या. चिमटा काढला तरी तिला कळायचं नाही, पंजा उलटा पडून फरफटायचा, सालटं निघायची, जखम चिघळायची आणि मग ती स्वतःच तो चावायला लागली. नसांमध्ये जीव येतो का म्हणून काही आठवडे थांबून बघितलं, परळच्या बैलघोडा हॉस्पिटलमध्येही दाखवून आलो. शेवटी ऑपरेशन ठरलं. पाय अर्धवट ठेवला तर उरलेला तुकडा सगळीकडे आपटत राहतो, म्हणून खांद्याच्या फऱ्यासकट काढतात.

आई डॉक्टरांना म्हणाली, "अहो डॉक्टर, एवढुसा जीव, तीन पायांवर कसं व्हायचं हिचं?" ते म्हणाले, "काकू, तो पाय ती वापरतेय कुठे? तीन पायांवर चालायला ती आधीच शिकलीये, आपण फक्त मधला अडथळा काढतोय." हे वाक्य आमच्या घरात सगळ्यांना धरून ठेवायला उपयोगी पडलं.

पहिले काही दिवस मात्र बघवत नाही हे खरंच. अर्ध्या अंगावरचे केस काढलेले, लांबलचक टाके, आणि जखमेखालची सूज आणि काळंनिळं झालेलं सगळं छातीकडे, पोटाकडे उतरत जातं, ते आधी सांगितलेलं असलं की घाबरायला होत नाही. टाके निघेपर्यंत, म्हणजे साधारण १० ते १४ दिवस, टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकचा कोन. दुखत असेल तर कुत्रं रडेलच असं नाही, ठकी नुसती धापा टाकायची, थरथरायची, कूस बदलत राहायची आणि झोपायची नाही. अशा वेळी डॉक्टरांना फोन करून गोळी वाढवून घ्यायची, घरात पडलेली माणसांची पेनकिलर द्यायची नाही, आयबुप्रोफेन तर कुत्र्यांसाठी विषच आहे.

आता मुद्द्याचं. ठकीची खरी लढाई आमच्या फरशीशी होती. ठाण्यातल्या नव्या बिल्डिंगांमध्ये सगळीकडे त्या गुळगुळीत चकचकीत टाइल्स, आमच्याकडेही त्याच, चार पायांचं कुत्रं त्यावर घसरतं तिथे तीन पायांचं काय होणार. कुत्र्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं, म्हणजे आता त्यातलं बरंचसं एकट्या उजव्या पायावर आलं. तो घसरला की थेट हनुवटी फरशीवर. दोनदा तसं आपटल्यावर ती जागची हलेना, आणि बाबांना वाटलं की बिचारीने हाय खाल्ली, म्हणून ते तिला उचलूनच फिरवायला लागले, जेवायला उचलून, शूला उचलून, गॅलरीत उचलून. मी बाबांना म्हटलं, तिला चालायचंय ओ बाबा, पाय ठेवायला जागा द्या फक्त.

मग जांभळी नाक्याहून खालून रबर असलेली पायपुसणी आणि जिन्यावर घालतात तसलं रबरी मॅटिंग आणलं. लहान मुलांच्या त्या एबीसीडीवाल्या फोमच्या मॅट पण मिळतात, पण कुत्र्याला कुरतडायची सवय असेल तर त्या नकोत, तुकडा गिळला तर आतड्यात अडकू शकतो. तिच्या पाण्याच्या भांड्यापासून बिछान्यापर्यंत, बिछान्यापासून दारापर्यंत सलग रस्ता केला, मध्ये एक हातभरही फरशी उघडी ठेवली नाही. पंज्याखालचे गाद्यांमधले केस कापले, नखं कापली, कारण नखं वाढली की गादी जमिनीला नीट टेकतच नाही. आणि त्याच संध्याकाळी ती उठून दारापर्यंत गेली हो! बाबांनी चष्मा काढून डोळे पुसले. शेजारचा छोटा ओरडला, "ठकी लंगडी खेळतेय!" आणि मला ते इतकं आवडलं, कारण तोवर येणारा प्रत्येक जण फक्त बिचारी बिचारी करत होता.

बाकीच्या गोष्टी बघत बघत कळत गेल्या. खाली वाकून खाताना सगळा भार त्या एका पायावर येतो म्हणून भांडं पाटावर ठेवलं, तिच्या छातीच्या उंचीला. पायऱ्या चढायला तिला जमतं, उतरताना वजन पुढे येतं म्हणून उतरताना कायम उचलायचं. पळताना ब्रेक लागत नाही, डावीकडे झटकन वळली की पडते. मागच्या पायाने कान खाजवायला गेली तरी तोल जातो, म्हणून आता येऊन डोकं पुढे करते आणि आपण खाजवून द्यायचं. चघळायचं हाड पूर्वी दोन पंज्यात धरायची, आता कपाटाच्या कोपऱ्यात नेऊन भिंतीला टेकवून उजव्या पंज्याने दाबते, हे तिला कोणीही शिकवलेलं नाही. रेडिमेड हार्नेस डाव्या बाजूने निसटायचा, तो नौपाड्यात बॅगा शिवणाऱ्या काकांकडून छातीखाली रुंद पट्टा लावून घेतला, त्यांनी पैसे घेतले नाहीत.

चालणं थोडं थोडं पण अनेकदा. एक मोठी फेरी मारण्यापेक्षा पाच-पाच मिनिटांच्या छोट्या फेऱ्या बऱ्या, दमून बसली की बसू द्यायचं. उपवन तलावावर गाडीतून नेतो, तिथे सकाळी गर्दी कमी असते.

एका गोष्टीवर मात्र मी कडक आहे, खाणं. सोसायटीत दयेपोटी प्रत्येक जण बिस्किट पुढे करतो, वॉचमन काका, खालच्या काकू, सगळे प्रेमानेच, पण तीन पायांच्या कुत्र्याला वजन वाढणं परवडत नाही, सगळा बोजा उरलेल्या सांध्यांवर जातो. काकूंना मी सांगितलं, द्यायचंच असेल तर गाजराचा तुकडा द्या. त्यांना आधी वाईट वाटलं, आता त्या रोज गाजर चिरून ठेवतात.

सध्या माझं लक्ष तिच्या उजव्या मनगटावर आहे. एकट्याने भार घेऊन घेऊन ते मागे वाकू शकतं, पंजा पसरट पडू शकतो, ते लवकर दिसलं तर व्यायामाने आणि आधाराचा पट्टा लावून सांभाळता येतं. म्हणून दर महिन्याला ती उभी असताना बाजूने एकाच जागेवरून फोटो काढते आणि आधीच्या फोटोशेजारी ठेवून बघते. आत्तापर्यंत सरळ आहे, वजनही तेच सहा किलो.