माळकरी मामा आणि माशाचं औषध

बायपासच्या आदल्या दिवशी भूलवाल्या मॅडम फाइल घेऊन आल्या आणि मामांना विचारलं, मासे खाल्ल्यावर अंगावर काही उठतं का? मामा ताडकन उठून बसले, गळ्यातली माळ हातात धरून म्हणले, "मॅडम, तीस वर्षं झाले वारी करायलोय, माशाचं नाव कशाला काढायलाव?" मॅडम हसल्या, मग इन्सुलिन कोणतं घेता, किती वर्षांपासून, ते लिहून घेतलं आणि गेल्या. मामा रात्रीपर्यंत धुसफुसत होते. मला वाटलं फॉर्मात असतील असे प्रश्न.

मामा गंगाखेडकडचे, वय ६८, शुगर जुनी. अँजिओग्राफीत तीन नळ्या बंद निघाल्या म्हणून संभाजीनगरला आणलं (मामी अजून औरंगाबादच म्हणती, मीही बोलताना तेच म्हणतो). फुले योजनेत बसलं त्यामुळं पैशाचं टेन्शन नव्हतं, पण भांडण वेगळ्याच गोष्टीवर पेटलं. मशीनवर करायचं का बिना मशीनचं? मामेभावाला कुणीतरी सांगितलेलं की हृदय थांबवून मशीनवर टाकतात ते जुनं झालं, आता चालू हृदयावरच टाके घालतात, आणि आमचे सर्जन तर सरळ म्हणले मी मशीनवर करणार. झालं, भाऊ म्हणला हॉस्पिटल बदलू.

मी शाळेत सायन्स शिकवतो त्यामुळं असल्या वेळी सगळे माझ्याकडं बघतात. रात्री खाली चहाच्या टपरीवर बसून मोबाइलवर वाचत बसलो. ह्याच प्रश्नावर १९ देशांत, त्यात आपला भारत पण, ४७५२ पेशंट घेऊन अभ्यास झालाय, कोरोनरी ट्रायल नाव त्याचं. निम्मे मशीनवर, निम्मे बिना मशीनचे, आणि पाच वर्षांनी मृत्यू, पॅरालिसिस, हार्ट अटॅक, किडनी फेल, परत नळी उघडायची वेळ, असं सगळं मिळून बघितलं तर एकीकडं २३.१ टक्के, दुसरीकडं २३.६. म्हणजे फरक काहीच नाही. अमेरिकेत माजी सैनिकांवर २२०३ जणांचा दुसरा एक झाला, त्यात तर पाच वर्षांत बिना मशीनवाले जास्त गेले, १५.२ टक्के, आणि मशीनवाले ११.९. चालू हृदयावर टाके घालणं अवघड काम आहे, ज्याचा हात त्यात बसलाय त्यानंच करावं. भावाला म्हणलं सर्जनचा हात ज्याच्यात बसलाय तेच करू दे बाबा, आपण कशाला त्यांना शिकवायलाव. कसाबसा गप बसला.

मशीन म्हणजे तरी काय, शरीरातलं सगळं रक्त नळ्यांतून बाहेर काढायचं, त्यात ऑक्सिजन मिसळायचा आणि परत आत सोडायचं, तेवढा वेळ हृदय पोटॅशियमच्या पाण्यानं थांबवून ठेवायचं. १९५३ च्या मे महिन्यात गिबन नावाच्या डॉक्टरनं फिलाडेल्फियात एका १८ वर्षांच्या पोरीला २६ मिनिटं असं मशीनवर ठेवून हृदयातलं भोक शिवलं, तिथून हे सुरू झालं. मामांचे ८८ मिनिटं लागले. मशीन चालवणारा वेगळा माणूस असतो, परफ्युजनिस्ट म्हणतात त्याला, आणि खरं सांगू का, आपण सर्जनच्या पाया पडतो पण ह्या माणसाचं नाव पण कुणी विचारत नाही. मी पण नाही विचारलं.

मशीनच्या नळ्या आधी सलाइननं भरलेल्या असतात, त्यानं रक्त पातळ होतं. दुसऱ्या दिवशी मामांचं हिमोग्लोबिन ८.२. गावाकडनं रक्त द्यायला दोन जीपा भरून पोरं आलेली आणि डॉक्टर म्हणतायत गरज नाही. भाऊ परत तापला, "फुकटचं पेशंट म्हणून रक्त देईनात." मी परत मोबाइल काढला. ५२४३ पेशंटचा अभ्यास, २०१७ चा, हिमोग्लोबिन ७.५ च्या खाली गेल्यावरच रक्त दिलं तरी ९.५ ला देणाऱ्यांपेक्षा काही वाईट झालं नाही. पोरं बिचारी वडापाव खाऊन परत गेली.

मला खरी भीती वाटली ती तिसऱ्या रात्री. मामा आयसीयूत उठून नळ्या ओढायला लागले, माझे टाळ कुठायत म्हणे, दिंडी पुढं गेली म्हणे, मामीला ओळखेनात. मामी बाहेर येऊन रडायला लागली, ह्यांचं डोकं गेलं म्हणून. सिस्टर शांत होत्या, होतं असं दोन-चार दिवस, घड्याळ दिसेल असं ठेवा, चष्मा द्या, आपलं माणूस बोलत राहू दे. आणि दोन दिवसांत खरंच उतरलं. पण विसराळूपणा राहिलाय थोडा, आता तीन महिने झाले. २००१ मध्ये २६१ बायपास पेशंटवर अभ्यास झालेला, घरी सोडताना निम्म्याहून जास्त, ५३ टक्के लोकांची बुद्धी थोडी मंदावलेली, सहा महिन्यांनी २४ टक्के, आणि पाच वर्षांनी परत ४२. सगळ्यांनी मशीनला दोष दिला. मग दुसऱ्यांनी ऑपरेशनच न झालेले हृदयाचे पेशंट तपासले तर त्यांचं पण वर्षानुवर्षं तसंच घसरतंय. म्हणजे मशीनपेक्षा शुगर, बीपी आणि खराब नळ्याच जास्त दोषी असाव्यात. हे मामीला सांगितलं तर म्हणली, मग तू त्यांचा गुळाचा चहा बंद कर.

आता माशाचं. डिस्चार्जच्या फाइलीत औषधांच्या यादीत प्रोटामिन दिसलं. मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून हेपारिन देतात आणि मशीन बंद झाल्यावर त्याचा असर उतरवायला हे प्रोटामिन. आणि ते बनतं सामन माशाच्या वीर्यापासून! ज्याला माशाची अ‍ॅलर्जी त्याला त्रास व्हायची शक्यता, म्हणून मॅडम विचारत होत्या. हेपारिन डुकराच्या आतड्यातनं काढतात, ते तर राहूच दे.

बरं, इन्सुलिन का विचारलं? मामा सकाळ-संध्याकाळ घेतात ते पांढरट गढूळ मिक्स इन्सुलिन, हातावर फिरवून घ्यायचं असतं ते, त्यात पण हेच प्रोटामिन असतं, इन्सुलिन हळूहळू सुटावं म्हणून. वर्षानुवर्षं घेणाऱ्याचं शरीर त्याला ओळखतं आणि कधीकधी उलटतं.

म्हणजे बारा वर्षं मामा रोज दोन टाइम, तेही जेवायच्या आधी. एकादशीला सुद्धा.

परवा फोनवर विचारत होते, अरे त्या मॅडमला माशाचं काय पडलं होतं रे? म्हणलं मामा, ते फॉर्ममध्ये असतंय.